गरीब बिचारा ससा

गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी आमच्या घरात एक पांढरा ससा आला. आठवडाभर त्याचे कौतुक झाले. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला उचलून घेई, फोटो काढी. मग शाळा सुरू झाल्या आणि ससा जिन्याखालच्या पिंजऱ्यात राहिला. कोणी चौकशी केली तर आम्ही सांगायचो, "फार गरीब आहे हो, काही त्रास नाही." तासन्‌तास तो कोपऱ्याकडे तोंड करून बसे. मांडीवर घेतला तर अंग आक्रसून, डोळे मोठे करून गप्प राही. आम्हाला वाटे, किती शांत बसतो!

'गरीब' हा आपल्याकडचा मोठा सोयीचा शब्द आहे. जो तक्रार करीत नाही तो गरीब. गाय गरीब, सून गरीब, ससाही गरीब. एकदा हे नाव दिले की त्याला काय हवे हे विचारण्याची गरज उरत नाही.

एके दिवशी सकाळपासून त्याने काही खाल्ले नाही. पिंजऱ्यात लेंड्याही दिसेनात. पाठ वाकवून बसला होता आणि दात करकर वाजवत होता. "उद्या बघू," असे आम्ही म्हणणार होतो, पण थोरल्या मुलीने ऐकले नाही, म्हणून संध्याकाळीच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही तर त्याची आतडी काम थांबवू लागतात. उद्यावर टाकले असते तर कदाचित तो राहिला नसता. तुमच्याही घरी ससा असेल तर एवढे तरी लक्षात ठेवा.

मग त्यांनी आम्हाला जे सांगितले, त्याने मान खाली गेली. कुत्र्याला दुखले तर तो विव्हळतो. ससा हा शिकार होणारा प्राणी. अशक्तपणा दाखवला तर आधी त्याच्यावरच झडप पडणार, म्हणून तो दुखणे लपवतो. आणि जमिनीवरून उचलले जाणे म्हणजे त्याच्या जातीला एकच गोष्ट ठाऊक आहे, कोणीतरी पकडले. आमच्या मांडीवरची ती शांतता भीतीची होती!

आम्ही त्याला गाजर आणि बिस्किटे देत होतो. त्याला मुख्यतः वाळलेले गवत लागते. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गाजर म्हणजे त्याची मिठाई. पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीने त्याचे पाय सोलवटले होते. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "एकटाच आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही, आम्ही पाच जण आहोत ना!" ते हसले नाहीत. रानातले हे ससे बिळांत कळपाने राहतात.

आता पिंजऱ्याचे दार उघडे असते. वाण्याकडून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारे पाडून लपायची जागा केली आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा तो मुळात जागा असतो, तेव्हा आम्ही पाळीपाळीने जमिनीवर बसतो. हात पुढे करायचा नाही, बोलवायचे नाही. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून आला आणि धाकट्याच्या पायाला नाकाने ढोसून गेला.

प्रश्न उरला सोबतीचा. दुसरा ससा आणायचा तर आधी दोघांची नसबंदी, मग अनेक दिवस हळूहळू ओळख, नाहीतर ते एकमेकांना फाडतात. खर्च ऐकून मावशी कडाडल्या, "माणसांना औषधाला पैसे नाहीत, आणि तुम्ही सशाची ऑपरेशनं करणार?" मावशींचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात (परिच्छेद २४१८) दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण क्लेश देऊ नयेत, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये.

आम्ही दोन रात्री यावर बोललो. कोणा अनोळखी सशाचा प्रश्न असता तर मावशींचे ऐकले असते. पण हा ससा आमच्या दारी मागायला आला नव्हता. आम्ही त्याला त्याच्या भावंडांतून उचलून आणले. त्याला सोबत देणे ही आमची दया नव्हे, ते आमच्याकडून त्याचे येणे आहे. वाडीत सोडून द्यावा, असेही कोणी सुचवले. पण मांजरांनी दोन दिवसांत त्याचा निकाल लावला असता. शेवटी मुलांनी यंदा वाढदिवस साजरे न करण्याचे कबूल केले. गरजूंच्या पेटीत दर महिन्याला जे टाकतो त्याला हात लावायचा नाही, हेही ठरले.

नसबंदी पुढच्या महिन्यात आहे. काल मावशी कोथिंबिरीच्या काड्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. खोक्यासमोर बसून, गुडघे धरून, आम्हालाच विचारू लागल्या, "आज हा गप्प का गं?"