ठरलेला शेवट आणि खेळाडूचे कर्तृत्व

ॲनिमे मालिकेवरून केलेल्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा १९८४ ते १९९५ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली आणि ‘ड्रॅगन बॉल झी’ ही मालिका १९८९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. खलनायक रॅडिट्झशी लढताना कथेचा नायक गोकू मरतो, हे तेव्हापासून चाहत्यांना पाठ आहे. तरीही या मालिकेवरच्या २०२० सालच्या ‘काकारोट’ या गेममध्ये तीच लढाई खेळाडूला लढावी लागते. रॅडिट्झचा हेल्थ बार रिकामा झाला की बटणे दाबून उपयोग नसतो, पुढचे दृश्य आपोआप सुरू होते. गोकू रॅडिट्झला मागून घट्ट धरून ठेवतो आणि त्याच्या साथीला आलेल्या पिकोलोचा किरण दोघांच्याही आरपार जातो. नीट खेळल्याचे फळ म्हणजे नायकाचे मरण. खेळाडू हरला, तर मात्र लढाई पुन्हा पहिल्यापासून लढायची. तसले मरण कथेला मंजूर नसते.

फळ ठरलेलेच असेल, तर कर्त्याच्या वाट्याला उरते काय? बुद्धाचा समकालीन मक्खली गोसाल याचे उत्तर होते, काहीच नाही. सारे नियतीने बांधलेले आहे आणि पुरुषार्थाने त्यात तसूभरही फरक पडत नाही. गेमचा अनुभव या उत्तराच्या विरोधात जातो. ‘नारुतो शिप्पुदेन’वर आधारलेल्या ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म २’ (२०१०) या गेममध्ये निन्जा गुरू जिराया विरुद्ध खलनायक पेन ही लढत जिरायाच्या बाजूने खेळायची असते. जिराया या लढतीतून परत येणार नाही, हे मालिका पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असते. मूळ कथेत मरणाच्या दारात असताना त्याचा गळा चिरडला गेलेला असतो, बोलता येत नाही; तेव्हा तो फुकासाकू या वृद्ध बेडकाच्या पाठीवर बोटाने सांकेतिक खुणा कोरतो. त्याच खुणांच्या आधारे पुढे पेनचे गुपित उलगडते. मरण टळत नाही, पण कसे मरायचे आणि मागे काय ठेवून जायचे, हे त्याच्या हाती राहते. खेळाडूचेही तसेच असते. शेवटावर त्याची सत्ता नाही, मात्र प्रत्येक वार आणि प्रत्येक बचाव त्याचाच असतो, आणि गोसालाच्या मांडणीत नेमक्या याच गोष्टीला जागा नाही.

काही गेम शेवटही खुला करतात. ‘स्पार्किंग! झीरो’ (२०२४) मध्ये गोकूने पिकोलोला सोबत घेतले नाही, तर कथा वेगळ्या वाटेने जाते आणि त्याचे ते मरण टळू शकते. हे स्वातंत्र्य मोठे वाटते, पण त्याची किंमतही मोजावी लागते. एक वाट नकोशी झाली की मागे फिरून दुसरी धरता येते, त्यामुळे कोणतीच निवड अंगाला चिकटत नाही. जिथे काहीही परत घेता येते, तिथे त्यागाला वजन कुठून येणार?

या प्रश्नाला सर्वांत थेट भिडतो ‘झेनोव्हर्स’ (२०१५). त्यात खेळाडू कालरक्षक असतो. खलशक्ती भूतकाळात ढवळाढवळ करतात. बदललेल्या इतिहासात रॅडिट्झ वाचतो आणि गोकूचे मरण वाया जाते. खेळाडूने मागे जाऊन इतिहास पूर्ववत करायचा, म्हणजेच गोकू पूर्वी मेला तसाच मरेल याची काळजी घ्यायची. इथे गीतेचा अकरावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. समोरचे योद्धे आधीच मारले गेले आहेत, तू केवळ निमित्त हो, असे कृष्ण अर्जुनाला सांगतो. ॲनिमे पाहून आलेल्या खेळाडूलाही पुढचे सारे दिसलेले असते आणि तरी शस्त्र त्यालाच उचलावे लागते. मात्र साम्य इथवरच. अर्जुनासमोर त्याचे आजोबा आणि गुरू उभे होते, त्याला खेळ बंद करून उठता येत नव्हते. शिवाय निमित्त होण्याचा आधार घ्यायला विश्वरूपदर्शन आधी घडावे लागते. ज्याला पुढचे दिसलेलेच नाही, त्याने ‘हे व्हायचेच होते’ म्हणत हात झटकले, तर तो या अध्यायाचा गैरवापर ठरतो.

‘झेनोव्हर्स’मध्ये एक गाठ मात्र सुटत नाही. कालरक्षकांच्या बाजूने खेळाडूला कामगिरीवर धाडणारा ट्रंक्स हा मूळ कथेत भविष्यातून आलेला तरुण आहे. गोकूला हृदयविकाराने मृत्यू येऊ नये, म्हणून औषध घेऊन तो भूतकाळात आला होता. काळाचा नियम त्याने स्वतःच मोडला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. त्या नियमभंगातून घडलेला इतिहास हाच आता खरा इतिहास म्हणून जपायचा असतो. घडून गेले एवढ्यावरून एखादा इतिहास न्याय्य ठरतो का, हा प्रश्न ट्रंक्सइतका दुसऱ्या कोणालाच लागू पडत नाही. गेम मात्र त्याच्या हाती पहारा देतो आणि हा प्रश्न त्याला विचारत नाही.