गाडी कोणाची?

एखादी वस्तू ‘माझी’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्यावर आपला नेमका कोणता हक्क सांगत असतो? वापरण्याचा, जपण्याचा, की दुसऱ्याला नाकारण्याचा?

1988 च्या सुमारास मी मुकुंदवाडीत राहत असे. शेजारच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी होती आणि दाराशी जुनी येझदी मोटारसायकल. 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात आधी ‘जावा’ आणि पुढे ‘येझदी’ या नावाने या गाड्या तयार होत. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांसाठी मिळून एकच दांडा. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागे. तिचा तो ठोक्यांचा आवाज ऐकूनच घरची माणसे चहाचे आधण ठेवीत. दर रविवारी मी तिला लेकरासारखी पुसत असे.

एका पावसाळी रात्री शेजारी धावत आला. “भाऊ, पोराला फिट आलीय, घाटीत न्यायचंय. गाडी काढता का?” टाकी मी नुकतीच रंगवून आणली होती. गल्लीत घोटाभर चिखल होता. माझ्या तोंडून निघून गेले, “प्लग गेलाय, चालूच होत नाही.” गाडीचा लौकिकच असा होता की त्याने लगेच विश्वास ठेवला. पोराला खांद्यावर घेऊन तो रिक्षा शोधायला जालना रोडकडे पळाला.

मूल वाचले. पण खरी शिक्षा सकाळी मिळाली. रात्रभर जागलेला तो माणूस माझ्या दाराशी उभा राहिला. “भाऊ, तुम्हाला ड्यूटीला जायचं असेल. धक्का देऊ का?” मी मुकाट्याने गाडीवर बसलो. चार पावलांत ती सुरू झाली. त्याला मनापासून आनंद झाला. माझी मान मात्र वर होईना.

वस्तू जपणे हा दोष नव्हे. निगा राखणाऱ्या हातांमुळेच त्या गाड्या इतकी वर्षे धावल्या. परंतु जपणुकीचेही दोन प्रकार असतात. एक, वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी म्हणून. दुसरा, ती कोणाच्या उपयोगी पडू नये म्हणून. दोन्हींत फडके तेच, चकाकीही तीच. कोणता आपला, हे रात्री कोणी दार ठोठावल्याशिवाय कळत नाही.

म्हैसूरचा तो कारखाना 1996 साली बंद पडला. पुढे 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आले. जुन्या गाडीला आता मान आहे. तरुण मुले कौतुकाने आठवणी विचारतात आणि मीही तो आवाज, तो वेग रंगवून सांगतो. ती रात्र तेवढी गाळतो. आज ती लिहिली, कारण सोयीचे तेवढेच आठवणे हेही एक प्रकारे ‘प्लग गेलाय’ म्हणण्यासारखेच आहे. त्या शेजाऱ्याला खरे सांगायचे मात्र राहूनच गेले.