सातबाऱ्यावर न मिळणारा व्हिसा

निवृत्तांचा व्हिसा म्हणजे परदेशात नोकरीधंदा न करता, स्वतःच्या पैशावर ठरावीक मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी. नावात निवृत्ती असली तरी वयाची अट त्यात सर्वांत सोपी. थायलंडला पन्नाशी पुरते, दुबईला पंचावन्न लागतात, पोर्तुगालच्या ‘डी-7’ व्हिसाला तर वयाची अटच नाही. खरी पारख पैशाची होते. त्यातही तो किती आहे याइतकेच तो कसा येतो हे पाहिले जाते. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणसारख्या तालुक्यातून अर्ज करणारा अडतो तो इथेच.

थायलंड बँकेत आठ लाख बाथ शिल्लक किंवा महिना 65 हजार बाथ उत्पन्न मागते. या उत्पन्नाचे रुपये दीड लाखाच्या वर जातात. पोर्तुगालने 2025 साली महिना 870 युरो ठरवले होते; जोडीदार बरोबर असेल तर त्याच्या निम्मे आणखी.

कळवणची श्रीमंती मात्र शेतात आणि कांद्याच्या चाळीत असते. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, भाव पाहून बाजार समितीत न्यायचा, लिलाव झाला की हिशोबपट्टी घ्यायची. एका वर्षी चाळ सोने देते, पुढच्या वर्षी वाहतुकीचा खर्चही निघत नाही. शेतीउत्पन्नाला प्राप्तिकर नाही, त्यामुळे अनेकांकडे विवरणपत्रही नसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीला चालतो. वकिलातीला दरमहा खात्यात पडणारी रक्कम दिसावी लागते. वीस एकर बागायत असलेला शेतकरी या परीक्षेत मागे पडतो आणि भाड्याच्या घरातला निवृत्त प्राध्यापक निदान शर्यतीत तरी असतो. प्राथमिक शिक्षकाची पेन्शन बहुधा दोन्ही देशांना अपुरी पडते. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी न मोडता जपला असेल, तर थायलंडचा शिलकीचा मार्ग तेवढा उरतो.

जमीन विकून ही शिल्लक उभी करणे वाटते तितके सरळ नाही. कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे बंधन जमीन हातची जाऊ नये म्हणून आहे आणि ते असायलाच हवे. जमीन राखून परदेशी स्थायिक झाल्यास पूर्वीची किंवा वारसाची शेती अनिवासी भारतीयाला ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही.

पैशाची जुळणी झाली तरी कागद राहतात. जुन्या पिढीत कित्येकांची जन्मनोंद नाही. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून हीच जन्मतारीख. लग्न थाटात झालेले, पण नोंदणी नाही. मग पिवळी पडलेली लग्नपत्रिका आणि फोटो शोधून नोंदणी करायची. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. पोर्तुगालसाठी दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण, लागते. अपोस्टिलचा मार्ग भारतासाठी 2005 पासून खुला आहे.

तिकडे पैसा नेताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. एप्रिल 2025 पासून, शिक्षण आणि उपचार वगळता, दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ कापते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो परदेशातूनही चुकत नाही. थायलंडमध्ये शिवाय दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा.

मराठी मुले जिथे खरोखर स्थिरावली आहेत, त्या देशांत हा व्हिसा जवळपास नाहीच. अमेरिकेत तो कधी नव्हता. ऑस्ट्रेलियाने आपला 2018 मध्ये नव्या अर्जांना बंद केला. तिथे वाट मुलांकडून जाते. अमेरिकी नागरिक झालेला, 21 वर्षांवरील मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकते. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो आणि उत्पन्नाची अट बोलावणाऱ्या मुलाला किंवा नातवाला पुरी करावी लागते. म्हणून कळवणच्या शेतकऱ्याला बँकॉकपेक्षा टोरांटो जवळ पडते.