गाठीची हद्द कोणी आखायची?

कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशन सुरू करण्याआधी डॉक्टरांना कॉन्टूरिंग करावं लागतं. सीटी स्कॅनच्या एका स्लाइसवर गाठीभोवती रेषा ओढायची, पुढची स्लाइस उघडायची, पुन्हा ओढायची. शिवाय शेजारचा मज्जारज्जू, फुप्फुस, हृदय यांच्याही रेषा काढायच्या, कारण किरण कुठे पडू द्यायचे नाहीत हेही मशीनला सांगावं लागतं. डोक्या-मानेच्या कर्करोगात यात तासन्‌तास जातात. अशी आखणी संगणकाने करावी, ही धडपड काही दशकं चालू आहे. तंत्र तर पार बदललंच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की, हद्द कशाला म्हणायचं ही समजूतच या काळात दोन-तीनदा बदलली.

सुरुवातीला हद्द म्हणजे आकडा होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन केला. चित्र जेमतेम ८० बाय ८० चौकटींचं. पण प्रत्येक चौकटीत मोजलेली किंमत होती. पुढे हाउन्सफील्ड यांच्याच नावाने रूढ झालेल्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि हाड शेकड्यांनी वर. शरीराच्या आतल्या भागांना आकडे मिळाल्यावर, अमुक आकड्याच्या वर ते हाड आणि खाली ते बाकीचं, असा विचार येणं साहजिकच होतं. हा उंबरठा आपोआप कसा निवडायचा, याची पद्धत १९७९ मध्ये जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी मांडली. राखाडी छटांचा आलेख बघायचा आणि दोन गट एकमेकांपासून सर्वांत वेगळे पडतील तिथे रेघ मारायची. हाडासाठी किंवा फुप्फुसातल्या हवेसाठी अशी पद्धत आजही छान चालते. यकृतापाशी मात्र गाडं अडतं. यकृत, प्लीहा आणि शेजारचे स्नायू यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की, एक निवडायला जावं तर तिन्ही हाती लागतात.

मग आकार मदतीला आला. अवयवाची कड कुठे ठळक, कुठे पुसट असते. पण ती मधेच तुटत नाही आणि सहसा वेड्यावाकड्या उड्या मारत नाही, हे माणसाला ठाऊक असतं. १९८८ च्या सुमारास मायकल कास, अँड्र्यू विटकिन आणि डेमेट्री टेर्झोपौलस यांनी नेमकी ही जाण गणितात बसवली आणि त्या वक्ररेषेला ‘स्नेक’ म्हटलं. चित्रावर ती सैलसर टाकायची; रबरबँडसारखी ती आकसते, ठळक कडांकडे ओढली जाते, आणि स्वतःच्या ताणामुळे पुसट जागीही तुटत नाही. हृदयाच्या कप्प्यांसाठी, मेंदूच्या भागांसाठी या कल्पनेच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. मला हा टप्पा फार सुंदर वाटतो, कारण यात अभ्यासकाला अवयवाबद्दल जे माहीत आहे ते समीकरणात उघड लिहिलेलं असे. रेषा चुकली तर ती का चुकली, हेही वाचता येई.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठातून यू-नेट नावाचं न्यूरल नेटवर्क आलं आणि समीकरण लिहिण्याची गरजच उरली नाही. ओलाफ रोनेबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या अळीच्या मज्जासंस्थेची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालची अवघी ३० चित्रं घेतली. त्यांत पेशींची आवरणं माणसांनी आखून ठेवली होती. तीच चित्रं ताणून, वाकवून, फिरवून त्यांनी नेटवर्कला शिकवलं. पेशींच्याच दुसऱ्या चित्रांसाठी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. दोन पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तिथे मधल्या बारीक फटीतल्या पिक्सेलना जास्त वजन दिलं, म्हणजे तिथली चूक नेटवर्कला महाग पडे. हद्दीवर लक्ष दे, हे इतक्या थेटपणे सांगितलेलं होतं. काय शोधायचं ते मात्र आता नियमातून येत नव्हतं. ते माणसाने आखलेल्या उदाहरणांतून येत होतं.

इथेच सगळा प्रश्न फिरला, आणि माझ्या मते त्याकडे हवं तितकं लक्ष गेलं नाही. मशीन माणसाची रेषा शिकणार असेल, तर कोणाची?

याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर मला अमेरिकेतल्या एलआयडीसी या प्रकल्पात दिसतं. छातीचे १०१८ सीटी स्कॅन, आणि प्रत्येक स्कॅन चार अनुभवी रेडिऑलॉजिस्टनी तपासलेला. आधी चौघांनी स्वतंत्रपणे खुणा केल्या. मग इतरांच्या खुणा नावं न सांगता त्यांना दाखवल्या आणि स्वतःचं मत बदलायची मुभा दिली. एकमत करा असा आग्रह मुद्दाम धरला नाही. ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून किमान एकाने खूण केलेल्या जागा निघाल्या २६६९. चौघांनीही तशी खूण केलेल्या होत्या ९२८. रेषा कुठून जाते हा वाद तर पुढचाच. आधी ती एवढी मोठी गाठ आहे का यावरच तज्ज्ञांचं जुळेना. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. चित्रात जेवढी माहिती होती तिच्यावरून जाणत्या माणसांची मतं इतकीच जुळू शकत होती.

आपल्याकडे नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयातल्या फोटोंवरून तयार झालेला आयडीआरआयडी हा डेटासेट मधुमेही रेटिनाच्या अभ्यासात जगभर वापरला जातो. त्यातल्या ५१६ पैकी ८१ चित्रांवर प्रत्येक डाग पिक्सेलच्या पातळीवर आखलेला आहे. त्यांतले हार्ड एक्झुडेट नावाचे डाग पिवळट आणि रेखीव असतात, त्यांची हद्द डोळ्याला दिसते. सॉफ्ट एक्झुडेट, ज्यांना डॉक्टर कॉटन वूल स्पॉट म्हणतात, ते कडेला विरत जातात. तिथे रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि ती कुठे मारायची हे आखणाऱ्याच्या हातावर ठरतं.

तरीही मशीनला गुण द्यायची पद्धत धरून चालते की माणसाची रेषा म्हणजे अंतिम सत्य. बहुतेक ठिकाणी वापरतात तो डाइस गुणांक १९४५ मध्ये परिसंस्थांचे अभ्यासक ली डाइस यांनी मांडला, तो दोन जाती कितपत एकत्र आढळतात हे मोजायला. दोन आकृत्या किती एकमेकींवर बसतात, एवढंच तो सांगतो. यकृतासारख्या मोठ्या अवयवात कड इकडेतिकडे सरकली तरी गुण चांगलेच राहतात. चार-पाच पिक्सेलच्या डागात एक पिक्सेल चुकला तरी ते घसरतात. यातलं कोणतं रुग्णाला महाग पडेल, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

गाठीची एकच खरी रेषा नसते, हे रेडिएशनच्या डॉक्टरांनी तर केव्हाच मान्य केलं आहे. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींपासून ते गाठीभोवती एकाऐवजी तीन हद्दी आखतात. दिसणारी गाठ म्हणजे जीटीव्ही. तिच्याभोवती, जिथे सूक्ष्म प्रसार असू शकतो पण स्कॅनवर काहीच दिसत नाही, तो सीटीव्ही. आणि रुग्णाचा श्वास, टेबलावरची जागा थोडीफार हलणार म्हणून पीटीव्ही. मधली रेषा चित्रात शोधून सापडत नाही. ती रोगाच्या अनुभवातून येते, आणि किती धोका पत्करायचा या निर्णयातून.

म्हणून २०१८ मधलं एक काम मला यू-नेटइतकंच मोलाचं वाटतं. त्या गटातही रोनेबर्गर होतेच. एलआयडीसीच्या चार-चार रेषांवरून त्यांनी असं नेटवर्क शिकवलं, जे एका चित्रासाठी एकाहून जास्त शक्य हद्दी काढून देतं. निरोगी यकृत, मूत्रपिंड, मज्जारज्जू यांची आखणी मशीनने एकदा करून दिली आणि डॉक्टरने तपासून घेतली, तर माझी काहीच हरकत नाही. त्यात वाचलेला वेळ रुग्णाच्याच कामी येतो. पण गाठीच्या बाबतीत पडद्यावर एकच गुळगुळीत रेषा येणं मला धोक्याचं वाटतं. किरण शेवटी एकाच हद्दीत सोडावे लागतात आणि ती हद्द डॉक्टरच ठरवणार. ठरवताना मशीनला शक्य वाटलेल्या दुसऱ्या रेषाही त्यांच्यासमोर असाव्यात, आणि ज्या तज्ज्ञांकडून मशीन शिकलं त्यांचे मतभेद डेटासेट तयार करतानाच पुसले जाऊ नयेत.