दोन आकड्यांचा ऐब

विकलेल्या वस्तूत ऐब निघाला तर तो दुरुस्त करण्याचा खर्च कोणी सोसायचा? बाजारात हा प्रश्न रोजचाच आहे. कापडात विणीचे भोक निघाले तर भला दुकानदार ठाण बदलून देतो. देत नसेल तर आपण पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढत नाही. पण सन २००० जवळ येऊ लागले तेव्हा संगणकाच्या बाजारात हाच साधा प्रश्न इतका अवघड होऊन बसला की, अमेरिकेच्या काँग्रेसला त्यासाठी लागोपाठ दोन वर्षांत दोन कायदे करावे लागले. 'वायटूके' हे नाव आता थट्टेने घेतले जाते. एवढा गाजावाजा झाला आणि काहीच घडले नाही, असे लोक म्हणतात. काही घडले नाही याचे मुख्य कारण हजारो माणसांनी रात्रंदिवस केलेली दुरुस्ती होती, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि त्या दुरुस्तीचे पैसे बहुतेक ठिकाणी ज्याने दोष विकला त्याने नव्हे, तर ज्याने तो विकत घेतला त्याने दिले.

हा दोष समजायला आम्हा शिक्षकांना फार कष्ट पडत नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, आणि सन पुरते चार आकडी. कोणी नुसते '०५' लिहून ठेवले, तर तो मुलगा २००५ चा की १९०५ चा, हे माणूस चेहरा पाहून ओळखेल. यंत्राला चेहरा दिसत नाही. जुन्या संगणकांत सनाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असत. '००' आले की यंत्र १९०० समजणार, व्याज, वय, मुदत सगळे उलटे मोजणार.

हे करणारे मूर्ख नव्हते. एका पंचकार्डावर ऐंशीच रकाने असत आणि स्मृतीची जागा महाग होती. दोन आकडे वाचवणे ही त्या काळी काटकसर होती. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सांगितले की, तरुणपणी असे प्रोग्रॅम आपणही लिहिले होते. ते इतकी वर्षे चालतील असे वाटले नव्हते. त्यांना आम्ही माफ करू. पण बॉब बेमर हा संगणकतज्ज्ञ १९७१ पासून छापील लेखांतून धोक्याची सूचना देत होता. पुढे स्मृती स्वस्त झाली, सूचना जुनी झाली, तरी दोन आकड्यांचा माल विकला जातच राहिला. १९६५ चा प्रोग्रॅमर आणि १९९५ चा विक्रेता यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. विकताना काय ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते, यावर दोषाचे वजन ठरते.

मिशिगन राज्यातील वॉरेन गावच्या फळे-भाज्यांच्या एका दुकानाचे उदाहरण येथे बोलके आहे. 'प्रोड्यूस पॅलेस' या दुकानाने १९९५ मध्ये संगणकीकृत गल्ले विकत घेतले. ज्या क्रेडिट कार्डाची मुदत २००० मध्ये संपणार होती, ते कार्ड येताच गल्ले वारंवार बंद पडू लागले. म्हणजे सन २००० उजाडायची वाटही पाहावी लागली नाही. दुकानाने १९९७ मध्ये टेक-अमेरिका या कंपनीवर दावा लावला. वायटूकेचा हा पहिला दावा मानला जातो. पुढच्या वर्षी अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली. पाच वर्षांनंतरची तारीख ज्याला वाचता येत नाही, असा गल्ला नवा म्हणून विकणे, याला काटकसर कोण म्हणेल?

दुसरा प्रकार अधिक लबाडीचा. न्यू जर्सीतील एका डॉक्टरने १९९८ मध्ये 'मेडिकल मॅनेजर' या कंपनीवर दावा केला. दवाखान्याचे सॉफ्टवेअर विकत घेऊन फार दिवस झाले नव्हते, आणि ते २००० नंतर चालायचे असेल तर नवी आवृत्ती पैसे देऊन घ्या, असे सांगण्यात आले. अखेर कंपनीला दुरुस्ती फुकट द्यावी लागली. दोष दुरुस्त करणे वेगळे आणि दोषालाच धंदा बनवणे वेगळे. स्वतःच्या गळक्या छपराखाली भाडेकरूला छत्री विकणाऱ्या घरमालकाला आपण काय म्हणतो?

तरीही दुसरी बाजू ऐकली पाहिजे. खटल्याच्या भीतीने कंपन्या तोंड मिटून बसल्या तर दोष कोठे आहे हेच कळणार नाही. म्हणून ऑक्टोबर १९९८ च्या कायद्याने, वायटूकेबद्दल प्रामाणिकपणे दिलेली माहिती देणाऱ्यावरच उलटू नये, अशी तरतूद केली. ती आम्हाला पटते. २० जुलै १९९९ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या 'वायटूके ॲक्ट'ने आधी नोटीस, उत्तराला तीस दिवस आणि दुरुस्तीला आणखी साठ दिवस, अशी पायरी घातली. हेही ठीक, भांडण्याआधी दुरुस्त करायची संधी द्यावी. पण त्याच कायद्याने लहान व्यावसायिकावरील दंडात्मक भरपाईला मर्यादा घातली आणि अनेकांच्या दोषात प्रत्येकाची जबाबदारी त्याच्या वाट्यापुरती ठेवली. वाटे पडले की जबाबदारी पातळ होते. दुकानदार वितरकाकडे बोट दाखवतो, वितरक कंपनीकडे, कंपनी चिप बनवणाऱ्याकडे. मधल्या मध्ये गिऱ्हाईक उभे राहते.

काही मोठ्या कंपन्यांनी मग विमा कंपन्यांवर दावे लावले. जीटीई ही टेलिफोन कंपनी २००४ मध्ये वरच्या न्यायालयातही हरली. विमा अपघाताचा असतो, मालाच्या अंगच्या दोषाचा नसतो. तत्त्व म्हणून यात चूक काढता येत नाही. पण खर्च पुन्हा खरेदीदाराच्याच दारात आला.

आणि खर्च नेहमी पैशाचाच नसतो. इंग्लंडात शेफील्डच्या रुग्णालयातील संगणकाने २००० च्या जानेवारीपासून मेपर्यंत गर्भवती स्त्रियांची वये चुकीची मोजली. दीडशेहून अधिक स्त्रियांना, बाळाला डाउन्स सिंड्रोम असण्याचा धोका कमी आहे, असे चुकीचे सांगितले गेले. कोणता निर्णय घ्यायचा तो त्या आयांचा प्रश्न होता. पण तो खऱ्या माहितीवर घेण्याचा त्यांचा हक्क दोन आकड्यांनी हिरावला. अमेरिकेच्या कायद्याने शारीरिक इजेचे दावे आपल्या मर्यादांतून बाहेर ठेवले होते, हा त्यातला शहाणपणाचा भाग.

आपला या साऱ्याशी संबंध आहेच. ही दुरुस्ती करायला भारतातील, त्यात मुंबई-पुण्यातील, किती तरुण राबले! टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांची परदेशातली पत या कामाने वाढली, अनेक घरांत पहिला मोठा पगार आला. दुसऱ्याचा ऐब धुऊन मिळालेली ही रोजी हलालच, त्याबद्दल शंका नाही. पण आपण दुरुस्ती करणारे होतो, तसे विकत घेणारेही होतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नसे. १९९३ च्या दुरुस्तीने पोटापाण्याच्या स्वयंरोजगारापुरता अपवाद झाला. सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर स्पष्टपणे टाकणारे स्वतंत्र प्रकरण २०१९ च्या कायद्यात आले.

दुरुस्तीही सगळीकडे पुरती झाली नव्हती. पुष्कळ ठिकाणी चार आकडे न करता, '२० च्या खालचे आकडे या शतकातले समज' एवढेच यंत्राला शिकवले गेले, आणि २०२० च्या जानेवारीत काही यंत्रणा पुन्हा अडखळल्या. आता १९ जानेवारी २०३८ ही तारीख पुढे आहे. ज्या यंत्रांत १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजले जातात, त्यांचा हिशेब त्या दिवशी भरून उलटेल. पंधरा-वीस वर्षे चालणारी यंत्रे कारखान्यांत, दवाखान्यांत बसवली जात आहेत. विकणाऱ्याला ही तारीख ठाऊक आहे. घेणाऱ्याने पावती घेताना विचारावे की २०३८ नंतर हे चालेल का, आणि उत्तर लेखी मागावे.