दुरुस्त केलेले फुफ्फुस



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर नर्सिंग शिकणारा एक तरुण आमच्याकडे आला. त्याची आई वीस वर्षे ऊसतोडीला जाते. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही (मिसरी लावते, ते वेगळे); पण आता चर्चच्या चार पायऱ्या चढायच्या तर ती दोनदा थांबते. मुलाने विचारले, "फादर, खराब झालेलं फुफ्फुस पुन्हा उगवतं का?"

खरे तर हा प्रश्न डॉक्टरांचा. तरी आम्ही वाचून पाहिले. माणसाच्या छातीत तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. त्यांच्या भिंती एकदा नष्ट झाल्या की आजच्या कोणत्याही औषधाने त्या परत उभ्या राहत नाहीत. पंप ओढल्याने श्वासनलिका मोकळ्या होतात, दम कमी लागतो, इतकेच. १९९७ साली अमेरिकेतील मसारो दाम्पत्याने 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल उंदरांना दिले, तेव्हा नष्ट झालेले वायुकोश पुन्हा तयार झाल्याचे दिसले. माणसांवर तोच उपाय केला, पण ठोस फायदा आढळला नाही. २०१२ साली मात्र एक आशेची बातमी आली. कर्करोगामुळे एक फुफ्फुस काढलेल्या एका स्त्रीच्या उरलेल्या फुफ्फुसात पंधरा वर्षांनंतर नवे वायुकोश वाढल्याचा पुरावा मिळाला होता. वायुकोशाच्या भिंतीतच काही पेशी अशा असतात की त्या विभागून जखमी भिंत सांधतात. त्यांना जागे कसे करावे, याचा शोध आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की बरे होण्याची शक्ती शरीरातच असते आणि वैद्य हा त्या निसर्गाचा सेवक असतो. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला ते जुनाट वाटले होते. आता तसे वाटत नाही. मानवी भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या पेशींना ख्रिस्तसभेचा विरोध आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना जागे करण्याला नाही. तेव्हा हे संशोधन चांगलेच आहे, यात आम्हाला शंका नाही.

आमचे मन अडते ते दुसरीकडे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही दम्यासारखा हा जुनाट आजार मोठ्या प्रमाणात होतो आणि लाकूड, शेण, पाचट यांचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. गॅसची टाकी गावच्या घरी राहते आणि सहा महिने फडाशेजारच्या कोपीत चूल पेटते. समजा, उद्या औषध निघाले. या माऊलीचे फुफ्फुस दुरुस्त झाले. दसऱ्यानंतर ती पुन्हा त्याच कोपीत जाईल. मग आपण दुरुस्त काय केले? माणूस, की कोयता?

हा नुसता तर्क नाही. २०१९ साली आपल्याच बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये दहा वर्षांत काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी. कामाची रीत बदलली नाही, बाईचे शरीर बदलले गेले. शस्त्रक्रिया ही वाईट गोष्ट नव्हे. पण तिथे ती मुकादमाच्या हिशेबात जाऊन बसली. शरीर हे कामाचे साधन ठरले की वैद्यकशास्त्रही नकळत त्याच कामाला जुंपले जाते.

हे आम्ही त्या तरुणाला सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "फादर, म्हणजे आधी धूर जाऊ द्या, मग आईला औषध द्या, असं का?"

आम्ही गप्प झालो. त्याचे खरे होते. बुडणाऱ्याला आधी विहिरीला कठडा का नाही म्हणून विचारत नाहीत. ज्याला श्वास पुरत नाही त्याला उद्याच्या न्यायाच्या नावाखाली आज ताटकळत ठेवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? औषध निघेल तेव्हा ते या माऊलीला मिळालेच पाहिजे, आणि शहरातल्या श्रीमंताच्या आधी मिळाले तर आम्हाला अधिकच आनंद होईल. परंतु औषध मिळाले म्हणून चुलीचा प्रश्न मिटला असे कारखाना, मुकादम, सरकार आणि आम्हीसुद्धा म्हणू लागलो, तर ते औषध आमच्या सदसद्विवेकबुद्धीला गुंगी आणील. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवणे कठीण जाते, हे कबूल करतो.

मंगळवारी त्या माऊलीला तपासणीसाठी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे ठरले आहे. मुलगा सोबत येणार आहे. यंदाची उचल मात्र घरात येऊन खर्चही झाली आहे, असे तो जाता जाता म्हणाला.