दिसत नाही, तर ठेवून काय करता?

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. बाहेरच्या रूपावर भुलायचे नाही, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. मात्र हीच माणसे कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला की एका सुरात म्हणतात, 'गेला!'

आमच्या घरातला असाच 'गेला'. सिनेमा अधिक झळाळीत दिसावा म्हणून पुतण्याने कुठूनशी एक फाईल आणून आत टाकली. जुने यंत्र, उबुंटूवर चालणारे. आणि फाईलमध्ये नाव भलत्याच ग्राफिक कार्डाचे. पडद्याची व्यवस्था पाहणारा जो कारभारी प्रोग्रॅम असतो, त्याचे घराणे १९८४ सालचे, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचे. कागद दाखवला की तो कागदच खरा मानतो. समोर बसलेले कार्ड त्याला दिसत नाही. (हे वाचून कोणाला एखादे ऑफिस आठवले, तर तो योगायोग समजावा.) त्याने शोधाशोध केली आणि 'एकही पडदा सापडला नाही' असा शेरा मारून दप्तर बंद केले. बरे, हा शेरासुद्धा लिहिला आतल्या नोंदवहीत!

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, ''सगळं पुसून नवं टाकू. तासाभराचं काम.''

''आणि आतलं?''

''आतलं जाईल ना, साहेब. दिसतच नाही, तर ठेवून काय करता?''

हा प्रश्न मी पूर्वीही ऐकला होता, कॉम्प्युटरबद्दल नव्हे. पक्षाघातानंतर ७ महिने आई बोलली नाही, हसलीही नाही. भेटायला येणारी मंडळी उशाशी बसून खुशाल म्हणत, ''आता काही कळत नाही हो त्यांना.'' आणि तिच्याच देखत तिच्या पाटल्या कोणत्या सुनेला जाणार याचा हिशेब मांडत. एकदा चहात साखर घालायची राहिली. एका घोटानंतर आईने ओठ मिटून घेतले ते उघडलेच नाहीत. पाहुण्यांनी मात्र तोच चहा 'फक्कड झालाय' म्हणून संपवला होता. आता कोणाला काय कळत होते?

औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यातले, नामदेवांचे नरसीही. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकले तेव्हा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथे पिंडी! ही कथा आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकली. नेमकी 'गेला' म्हणायच्या वेळी आठवत नाही, एवढेच.

दुरुस्तीवाल्याला चहा पाजून वाटेला लावले. मग पुतण्याच्या मित्राने फोनवर सांगितले, कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. दाबले. काळ्यावर पांढरी अक्षरे उगवली. यंत्राने नाव विचारले, पासवर्ड विचारला. पासवर्ड टाइप करताना तिथे एक टिंबसुद्धा उमटत नाही. आपल्या बोटांवर श्रद्धा ठेवायची. हे झाले निर्गुण. पण या निर्गुणाला देवनागरी येत नाही. फोल्डरांची यादी मागितली, तर इंग्रजी नावे ठणठणीत आणि मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. एका ओळीत दोनच चौकोन होते.

'आ' आणि 'ई'.

बराच वेळ मी त्या दोन चौकोनांकडे पाहत राहिलो. फोनवरचा पोरगा 'काका, आहात का?' म्हणून ओरडत होता.

पुढचे काम सोपे निघाले. ती नाठाळ फाईल पुसली नाही; नाव बदलून बाजूला ठेवली, आम्ही बँकेत वादाची रक्कम सस्पेन्सला टाकतो तशी. यंत्र पुन्हा सुरू केले. आता हातात कागदच नाही म्हटल्यावर कारभाऱ्याने नाइलाजाने डोळे उघडून समोरचे कार्ड पाहिले. पडदा उजळला.

आतले सगळे शाबूत आहे हे त्या चौकोनांनीच सांगितले होते. तरी मी पहिल्यांदा फोटोच उघडला. नामदेवांचीही, निर्गुण उमगल्यावर, पंढरी काही सुटली नाही.

फोटोत आई ओट्याशी कप हातात घेऊन उभी आहे. चहात साखर आहे की नाही, ते फोटोत दिसत नाही.